डोळ्यात फूल का पडतं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ओळखीचे लोक फोन करत बसतात. पण दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आता लख्ख दिसणार या आशेने मी बसलो होतो, आणि दिसले काय, तर पौषातल्या पहाटेसारखे धुके! समोर काहीतरी पांढरे आहे एवढे कळत होते. त्या पांढऱ्या कोटात डॉक्टर आहेत, हे आवाजावरून कळले.

मी घाबरलो. मोतीबिंदू तर काढला, मग हे धुके कशाचे?

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "गुरुजी, बुबुळाला थोडी सूज आली आहे. त्यात पाणी भरलं आहे. आतला पंप पुन्हा नीट चालू झाला की चार-सहा दिवसांत निवळेल."

पंप! शेतातल्या विहिरीवर पंप असतो, डोळ्यात कुठला? पण बाहेर वीसेक माणसे बाकावर बसली होती, म्हणून विचारले नाही. घरी आलो. रोज सकाळी उठल्यावर धुके दाट असे, दुपारी जेवणापर्यंत थोडे विरळ होई. पाचव्या दिवशी अंगणातल्या लिंबाची पाने वेगवेगळी दिसू लागली. धुके गेले. पण त्या पाच दिवसांत मला सारखी दादाची आठवण येत होती. त्याच्या एका वाक्याचा अर्थ मला त्रेसष्ट वर्षे वयाचा मुलगा, म्हणजे माझ्याच काळाइतके जुने कोडे असल्यासारखा छळत आला होता. तो अर्थ त्या धुक्यात थोडा कळला. बाकीचा वाचून कळला.

आधी शब्दांचे पाहू. जन्मभर मराठी शिकवले, ती खोड जात नाही. डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा एक आरपार पडदा असतो. रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर आणि मधोमध जाडी अर्धा मिलिमीटर. पाठ्यपुस्तकात त्याला कधी पारपटल म्हणतात, कधी स्वच्छमंडल. बोलताना आपण त्याला वेगळे नावच देत नाही. जो पदार्थ दिसतच नाही त्याला नाव कोण देणार? त्याच्या मागचे काळे-तपकिरी दिसते, म्हणून सगळ्याला मिळून बुबुळ म्हणतो. सुश्रुतानेही त्याला कृष्णमंडल म्हटले आहे, काळे वर्तुळ. पण हा पडदा बिघडला की मात्र नावेच नावे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे शहात्तर रोग सांगितले आहेत. त्यात कृष्णमंडलाच्या रोगांमध्ये सव्रण शुक्र आणि अव्रण शुक्र असे दोन आहेत, एक जखमेसह पांढरे होणे आणि एक जखमेशिवाय. आपल्याकडे त्याला फूल म्हणतात. डोळ्यात फूल पडले. इतक्या वाईट गोष्टीला इतके चांगले नाव आपल्या भाषेत दुसरे नसेल.

दादाच्या डाव्या डोळ्यात फूल होते.

१९६१ सालचा फाल्गुन. कापूस वेचून झाला होता आणि शेतात पऱ्हाट्या उपटणे चालू होते. दादा सोळा वर्षांचा, मी अकरा. पऱ्हाट्या बंडीवर रचताना एक वाळलेली काडी उसळून त्याच्या डाव्या डोळ्याला लागली. रक्त नाही, काही नाही. डोळ्यातून पाणी आले, त्याने धोतराच्या सोग्याने पुसले आणि बंडी भरली. रात्री ठणका लागला. मायने मध घातला. काकू तेव्हा बाळंतीण होती, तिचे दूध घातले. तिसऱ्या दिवशी कोणी तुरटीचे पाणी सांगितले. सहाव्या दिवशी बाबा त्याला बंडीत घालून हिंगणघाटला घेऊन गेले, तेव्हा डोळा टोमॅटोसारखा लाल होता आणि बुबुळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. तिथून वर्ध्याला. डोळा राहिला, पण ठिपक्याचे फूल झाले.

माणसाने काय करायला हवे होते आणि काय केले, याची यादी मला करायची नाही. माय जे जाणत होती ते तिने केले. अल्लीपुरातच काय, भोवतालच्या कुठल्याही गावात तेव्हा हेच झाले असते.

दादाला त्या डोळ्याने काय दिसते, हे मी लहानपणी त्याला पुन्हा पुन्हा विचारत असे. उजवा डोळा हाताने झाकून तो म्हणायचा, "उजेड दिसते रे. पण त्या उजेडात मानूस नाई दिसत."

हेच ते वाक्य. मला वाटायचे, डोळ्यापुढे पडदा आला म्हणजे अंधार व्हायला हवा. उजेड आत येतो आणि तरी दिसत नाही, हे कसे?

पुढे मी मास्तर झालो. विषय मराठी आणि इतिहास. १९८४ साली शाळेत विज्ञानाची जागा काही महिने रिकामी होती, तेव्हा आठवीचे विज्ञान माझ्याकडे आले. मानवी डोळ्याचा धडा. फळ्यावर आकृती काढली, नावे लिहिली, "पारपटल पारदर्शक असते" असे वहीत लिहायला सांगितले. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "सर, डोळ्याचा पांढरा भाग आरपार नाई, अंगाची चामडी आरपार नाई, मंग हाच तुकडा काहून आरपार आहे?"

मी म्हणालो, "हे परीक्षेला नाही. खाली बस."

एवढे बोलायला चार सेकंद लागली असतील. पश्चात्ताप चाळीस वर्षे पुरला. म्हणून ऑपरेशननंतर नातवाकडून इंटरनेटवरचे कागद छापून घेतले, शब्दकोश घेतला, आणि एका ओळखीच्या निवृत्त भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना भरपूर त्रास दिला. त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर जगालाही सहज मिळालेले नाही, हे कळल्यावर जरा बरे वाटले. ते उत्तर कसे मिळत गेले, ते सांगतो.

सुरुवात विहिरीपासून करू. गावातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाने पाण्याखाली डोळे उघडून पाहिले असतील. सगळे पुसट दिसते. पाणी स्वच्छ असले तरी. त्याचे कारण असे की हवेतून पारपटलात शिरताना प्रकाश वळतो, आणि डोळा जेवढा प्रकाश वळवतो त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग या एका वळणाचा असतो. आतल्या भिंगाचे काम त्या मानाने थोडे. पाण्यात डोळा उघडला की पुढे पाणी आणि मागेही जवळजवळ पाण्यासारखाच पदार्थ, त्यामुळे वळण नाहीसे होते. लंडनच्या थॉमस यंग या डॉक्टरने हाच गुण कामाला लावला. जवळचे आणि लांबचे पाहताना डोळ्यातले नेमके काय बदलते, पारपटल की भिंग, असा वाद होता. यंगने पाण्याने भरलेली, पुढे भिंग बसवलेली एक लहान नळी स्वतःच्या डोळ्याला लावली. पाण्याने पारपटलाचे काम बंद पाडले आणि तरीही जवळ-लांब पाहता येते हे दाखवले. म्हणजे बदलते ते भिंग. १८०१ साली त्याचा हा निबंध छापून आला. त्याच सुमारास याच माणसाने दुसरी गोष्ट मांडली, की प्रकाश ही लाट आहे आणि दोन लाटा एकमेकींवर पडून काही ठिकाणी एकमेकींना मारून टाकतात. तळ्यात दोन खडे टाकून पाहा. हे दुसरे म्हणणे लक्षात ठेवा. पारपटलाचे उत्तर शेवटी त्यातूनच निघाले, फक्त दीडशे वर्षांनी.

आता कापूस. आमचा जिल्हा कापसाचा, त्यामुळे हे उदाहरण मला घरचे आहे. सरकीवरचा एक धागा सुटा काढून उन्हात धरला तर तो पांढरा नसतो, जवळजवळ काचेसारखा असतो. मग कापसाचा ढीग पांढराशुभ्र का? कारण प्रकाश एका धाग्यावर आपटून वळतो, दुसऱ्यावर आपटतो, तिसऱ्यावर, आणि हजार वाटांनी विखरून बाहेर येतो. पांढरा रंग धाग्यात नाही, विखुरण्यात आहे. दुधाचेही तेच, धुक्याचेही तेच. धुके म्हणजे नुसते पाण्याचे थेंब, आणि पाणी तर आरपार!

पारपटलाचा नव्वद टक्के भाग अशाच धाग्यांचा आहे. कोलॅजन नावाचे प्रथिन. चामडी, स्नायूंना हाडाशी बांधणारे पांढरे दोर, डोळ्याचा पांढरा भाग, सगळीकडे तेच. पारपटलात या तंतूंचे दोनशेहून अधिक थर एकावर एक असतात आणि तंतू इतके बारीक की एका मिलिमीटरात तीस हजारांवर तंतू शेजारी शेजारी मावतील. म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता. माल सगळीकडे एकच, मग इथेच प्रकाश का विखरत नाही? पूर्वी काही जणांनी सोपे उत्तर दिले होते, की तंतू आणि त्यांच्यामधला चिकट पदार्थ प्रकाशाला सारखेच वळवतात, म्हणून प्रकाशाला ते वेगळे दिसतच नाहीत. धोतर ओले झाले की आरपार दिसू लागते, तसे. धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेते, धागा आणि पाणी यांतला फरक कमी, म्हणून विखुरणे कमी.

पण इथे गंमत होते. पारपटल ओले झाले की आरपार होत नाही, उलट पांढरे होते! माझ्या डोळ्यात पाच दिवस तेच झाले होते. म्हणजे धोतराचा न्याय इथे पुरत नाही.

१९५७ साली लंडनच्या डेव्हिड मॉरिस या संशोधकाने याचा हिशेब मांडला. त्याने दाखवले की तंतू आणि मधला पदार्थ यांत फरक आहे, आणि चांगला आहे. प्रत्येक तंतू आपापल्या परीने प्रकाश विखुरत असता तर पारपटल पांढरेच दिसले असते. मग ते तसे दिसत नाही, कारण तंतू सारख्या जाडीचे आहेत आणि सारख्या अंतरावर आहेत. दोन तंतूंमधले अंतर प्रकाशाच्या लाटेच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतके आहे. एका तंतूवरून बाजूला विखुरलेली लाट आणि शेजारच्या तंतूवरून विखुरलेली लाट एकमेकींना मारतात. बाजूला जाणारे सगळे असे आपसात संपते. सरळ पुढे जाणारे तेवढे शिल्लक राहते. यंगचे म्हणणे!

हे वाचताना मला आमची चौफुली लागवड आठवली. दोरी धरून उभे-आडवे सारखे अंतर ठेवून सरकी टोबली की डवरा दोन्ही बाजूंनी चालतो. मी प्राध्यापकांना उत्साहाने हे सांगितले. ते म्हणाले, "उदाहरण सुंदर आहे आणि चूक आहे." प्रकाश काही तासातून डवऱ्यासारखा निघून जात नाही. फटी त्याच्यासाठी फार लहान आहेत, त्याला त्या दिसतही नाहीत. तो सगळ्या तंतूंवर एकदमच पडतो, आणि बाजूच्या वाटा हिशेबाने कटतात म्हणून सरळ जातो. तरी मी चौफुली सोडत नाही. डवऱ्यापुरती चूक असली तरी अंतरापुरती खरी आहे.

गंमत म्हणजे पुढच्या दहा वर्षांत मॉरिसच्या चौफुलीतही खोट निघाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत तंतू तितके काटेकोर ओळीत दिसत नव्हते. १९६७ साली गोल्डमन आणि बेनेडेक या अमेरिकी संशोधकांनी शार्क माशाच्या पारपटलात असा एक थर दाखवला, की ज्यात तंतू बरेच अस्ताव्यस्त आहेत, आणि तरीही तो आरपार आहे. मग? त्यांचे म्हणणे असे, की प्रकाशाच्या लाटेच्या अर्ध्या लांबीपेक्षा लहान गडबडीचे प्रकाशाला काही वाटत नाही. त्याहून मोठी पोकळी किंवा मोठा गठ्ठा झाला की मात्र तो विखरतो. १९६९ साली हार्ट आणि फॅरेल यांनी छायाचित्रातल्या तंतूंच्या जागा मोजून हिशेब केला. लांबवर ओळ नसली तरी चालते, प्रत्येक तंतूने आपल्या जवळच्या शेजाऱ्यांपासून ठरावीक अंतर राखले म्हणजे पुरे. म्हणजे चौफुली नव्हे, हाताने फेकून पेरलेला पण हात सराईत असलेला गहू. सुजलेल्या पारपटलात तंतूंच्या मध्ये पाण्याची लहान लहान तळी साचतात, तिथे तंतूच उरत नाहीत, आणि ती तळी प्रकाशाला पुरेशी मोठी असतात. माझ्या पाच दिवसांच्या धुक्याचे कारण हे.

प्रकाशाच्या विखुरण्याचा विषय निघाला आणि रामनांचे नाव आले नाही, असे आपल्याकडे होत नाही. ते इथे ओढून आणावे लागत नाही. १९१० साली सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना चंद्रशेखर वेंकट रामन काही काळ आमच्या शेजारी नागपूरला होते. पुढे नोकरी सोडून ते कलकत्त्याला प्राध्यापक झाले आणि १९१९ साली त्यांनी डोळ्यातल्या पारदर्शक भागांतून होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्यावर एक लेख प्रसिद्ध केला. म्हणजे समुद्राच्या निळ्या रंगाकडे ते वळले त्याच्या आधी, आणि ज्या शोधासाठी नोबेल मिळाले त्या १९२८ च्या शोधाच्या नऊ वर्षे आधी. अंधारात लांबच्या दिव्याकडे पाहिले की भोवती जे बारीक किरणांचे तेज दिसते ते दिव्यात नसते, आपल्या डोळ्यात असते. निरोगी पारपटलही थोडा प्रकाश विखुरतेच. तेवढ्यामुळे तर डॉक्टरांना तपासणीच्या दिव्याच्या चिंचोळ्या पट्टीत ते दिसते, कौलातून येणाऱ्या कवडशात धूळ दिसावी तसे. एक शंभर टक्के अदृश्य पारपटल डॉक्टरला तपासताच आले नसते.

(जाता जाता: दिव्याभोवती नेहमीच्या तेजाऐवजी इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसू लागली आणि डोळा दुखत असेल, तर उद्यावर टाकू नका. काचबिंदूचा दाब एकदम वाढून पारपटल सुजले की असे होते.)

आता पंप. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, फरशीसारखा. डोळ्यातले पाणी सतत पारपटलात झिरपत असते आणि या पेशी ते सतत बाहेर फेकत असतात. झऱ्याची विहीर खणताना मोट चालू ठेवावी लागते, नाहीतर खणणारा बुडतो, तसे. हा पंप नेमका या आतल्या थरात आहे हे १९७२ साली मॉरिसनेच सशाच्या डोळ्यावर दाखवले. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरात अशा तीनेक हजार पेशी असतात. गेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही, शेजारच्या पसरून जागा भरतात. ऑपरेशनच्या धक्क्याने माझ्या काही पेशी दमल्या होत्या, म्हणून पाणी साचले. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, पुढूनही पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळचे धुके दाट. डॉक्टरांच्या एका शब्दात एवढे सगळे होते.

दादाचे मात्र धुके नव्हते, फूल होते, आणि फूल निवळत नाही. पारपटलाची खोल जखम भरते तेव्हा शरीर घाईने नवे तंतू घालते. जाडी वेगवेगळी, अंतर वेगवेगळे. शिवण भक्कम होते, पण तो आपसात लाटा मारण्याचा हिशेब मोडतो. प्रकाश अडत नाही, विखरतो. आत पोचतो, पण सगळीकडून सगळीकडे. "उजेड दिसते, पण त्या उजेडात मानूस नाई दिसत." हार्ट आणि फॅरेलच्या समीकरणांची पाने मला कळली नाहीत, पण दादाचे वाक्य कळले.

मग फूल काढून चांगला तुकडा बसवता येईल का? हा विचार जुना. ७ डिसेंबर १९०५ रोजी आज चेक देशात असलेल्या ओलोमोऊत गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरने ते साधले. रोगी अलोइस ग्लोगार नावाचा मजूर, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेले. कार्ल ब्राउअर नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचा जखमी डोळा काढून टाकावा लागला होता, त्याचे पारपटल घेऊन ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांना लावले. एक फसले, एक टिकले, आणि तो माणूस पुन्हा कामाला गेला. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून परक्याचा तुकडाही शरीर बऱ्याचदा सोसते. १९३० च्या दशकात ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी मृतांच्या डोळ्यांतले पारपटल वापरायची वाट रुळवली. त्यानंतर जिवंत माणसाच्या डोळ्याची वाट पाहायची गरज उरली नाही. भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला डॉ. मुथय्या यांनी सुरू केली.

आणि १९५७ साली, ज्या वर्षी मॉरिसचा निबंध आला त्याच वर्षी, मुंबई राज्याने पारपटल रोपणासाठी मृताचे डोळे घेता यावेत म्हणून कायदा केला. आमचा वर्धा जिल्हा आदल्याच वर्षी मध्य प्रदेशातून त्या द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. १९६१ साली दादा बंडीत पडून हिंगणघाटला जात होता तेव्हा आरपारपणाचे कोडे सुटू लागले होते आणि आमच्या राज्यात कायदाही होता. आमच्या घरी यातले कोणाला ठाऊक असणार! (आता सगळ्याच अवयवांसाठी १९९४ चा केंद्राचा कायदा आहे. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांत लागू झाला त्यात गोवा आणि हिमाचलबरोबर महाराष्ट्र होता.)

फूल पडण्याची जुनी कारणे बरीच मागे पडली. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही. खुपऱ्यांनी आमच्या आजीच्या पिढीतले किती डोळे नेले याची मोजदाद नाही, पण २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या संपल्याचे जाहीर केले. लहान मुलांना जीवनसत्त्व अ चे डोस देण्याचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. काडी मात्र तिथेच आहे. पऱ्हाटीची काडी, तुरीचे खुंट, मळणीतले कूस. काडीबरोबर बुरशी जाते आणि बुरशीचा व्रण साध्या औषधाने हटत नाही. घरात पडून असलेले स्टिरॉइडचे थेंब घातले तर उलट पेटतो. शिवाय नवी भर म्हणजे खर्ऱ्याच्या चुन्याची पुडी. पोरे तिच्याशी खेळतात, दाबतात, ती फुटते, आणि चुना सरळ डोळ्यात! तेव्हा काहीही न विचारता डोळा भरपूर पाण्याने धूत राहायचे, आणि मग दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट मला फार लागली. नेपाळातल्या भक्तपूर भागात गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून ठेवले, की डोळ्याला काडी लागून ओरखडा गेला तर लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस घालायचे. २००१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. एकालाही नाही. आणि हे मलम काही नवे नव्हते, १९६१ साली ते दुकानात मिळत होते. त्या पानावर मी पेन्सिलने "अठरा तास" अधोरेखित केले आणि बराच वेळ पुढचे वाचले नाही. दादा सहाव्या दिवशी पोचला होता.

दादाला कलम करून घ्या म्हणून मी दोनदा म्हटले होते. एकदा १९९० च्या सुमारास, एकदा वहिनी गेल्यावर. तो म्हणाला, "एक डोया चांगला आहे ना बे. ज्याले एकबी नाई त्याले लागू दे." त्या एका डोळ्याने त्याने शेती केली, दोन मुलींची लग्ने केली, सुईत दोरा स्वतः ओवला. समोरच्याशी बोलताना मान किंचित डावीकडे वळवायचा, त्यामुळे अनोळखी माणसाला वाटे हा आपल्याकडे पाहतच नाही.

२०१६ च्या श्रावणात तो गेला. संध्याकाळी गेला. त्याने मुलींना सांगून ठेवले होते, म्हणून धाकटीने लगेच फोन केला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, उशी थोडी उंच ठेवायची, असे पलीकडून सांगितले. कापूस घरात होताच. पाऊस चालू होता आणि गावाबाहेरच्या नाल्याला पाणी होते, त्यामुळे वर्ध्याहून निघालेली गाडी येते की नाही अशी धाकधूक होती. रात्री साडेदहाला दोघे जण आले. पंधरा-वीस मिनिटांचे काम. उजवा डोळा तपासून त्यातला मुलगा म्हणाला, "वय एकाहत्तर आहे, आतल्या पेशी मोजल्यावरच रोपणाला चालेल का ते सांगता येईल." मला तेव्हा पेशी कसल्या ते कळले नव्हते.

मग त्याने डाव्या डोळ्यावरचा कापूस उचलला आणि बॅटरी मारली. फूल पाहिले. मी म्हणालो, "तो राहू द्या, तो लहानपणीच गेला आहे."

"नाही गुरुजी, हाही नेतो," तो म्हणाला. "आमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला होईल."